व्हॅन्कोमायसिनची ड्रिप घाईने नको

प्रश्न: माझे सासरे (वय ६८) रुग्णालयात आहेत. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफ जंतू आला म्हणून व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालू आहे. दुसऱ्या डोसला वीसेक मिनिटांत चेहरा आणि मान लालबुंद झाली, खाज सुटली. सिस्टरनी ड्रिप थांबवली, इंजेक्शन दिलं आणि नंतर ड्रिप हळू लावली. ही अॅलर्जी समजायची का? ताप उतरून पाच दिवस झाले, मग अजून सलाईनमधूनच औषध कशासाठी? गोळी चालणार नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: तुम्ही सांगता त्यावरून ही बहुधा अॅलर्जी नाही. व्हॅन्कोमायसिन भराभर शिरेत गेलं की अंगातल्या पेशींमधून हिस्टामिन सुटतं आणि चेहरा, मान, छातीचा वरचा भाग लाल होतो. वेग कमी केला की बहुतेकांना पुढचे डोस सोसतात. म्हणून केसपेपरवर नुसतं ‘व्हॅन्कोची अॅलर्जी’ असं लिहू देऊ नका, नेमकं काय झालं ते लिहून घ्या. नाहीतर पुढे गरज असतानाही हे औषध टाळलं जाईल. दम लागला, ओठ सुजले किंवा बीपी पडलं तर मात्र गोष्ट वेगळी. अशा वेळी ड्रिप लगेच बंद करून डॉक्टरांना बोलवायला हवं.

वेगाचं गणित सोपं आहे. मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. १ ग्रॅम पावडर २० मिली पाण्यात विरघळवून साधारण २०० मिली सलाईनमध्ये मिसळली, तर ती जायला १०० मिनिटं लागतात. २० थेंबांना १ मिली देणाऱ्या साध्या सेटवर हे मिनिटाला ४० थेंब होतात. तोच १ ग्रॅम १०० मिलीच्या बाटलीत घातला तर द्रावण फार तीव्र होतं आणि हाताची शीर सुजते. सुईच्या जागी लाली, आग किंवा टणकपणा जाणवला तर ड्रिप संपायची वाट न पाहता सांगा. आणि ड्रिपचा वेग ठरवणाऱ्या चाकाला स्वतः हात लावू नका, ‘लवकर संपू दे’ म्हणून तर मुळीच नाही.

दुसरी काळजी मूत्रपिंडाची. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) वरचेवर तपासतात, औषधाची रक्तातली पातळीही मोजतात. पातळीसाठी रक्त सहसा पुढच्या डोसच्या अर्धा तास आधी घेतात. ड्रिप सुरू झाल्यावर नमुना घेतला तर आकडा चुकीचा येतो आणि त्यावरून डोसही चुकतो. लघवी कमी झाली तर त्याच दिवशी सांगा. अंगदुखीसाठी घरून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नका.

आता दिवसांचं. ताप उतरला म्हणजे रक्त स्वच्छ झालं असं नव्हे. कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत दर एक-दोन दिवसांनी पुन्हा करतात आणि पहिलं निगेटिव्ह कल्चर ज्या दिवशी घेतलं, तो पहिला दिवस धरतात. तिथून कमीत कमी १४ दिवस. हृदयाच्या झडपेवर किंवा हाडात जंतू बसला असेल तर ४ ते ६ आठवडे, हाडात असेल तर कधी त्याहूनही जास्त. म्हणूनच इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. तो झाला नसेल तर जरूर विचारा.

व्हॅन्कोमायसिन तोंडावाटे घेतलं तर आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही, त्यामुळे या आजारात त्याची कॅप्सूल निरुपयोगी. लिनेझोलिड या दुसऱ्या अँटिबायोटिकची गोळी काही निवडक रुग्णांना पुढे देता येते, पण तो निर्णय इको आणि कल्चर पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा.

ज्यांच्या रिपोर्टमध्ये एमआरएसएऐवजी एमएसएसए (त्याच जंतूचा, नेहमीच्या औषधांना दाद देणारा प्रकार) आलं असेल, त्यांनी सेफाझोलिन या अँटिबायोटिकबद्दल जरूर विचारावं. त्या जंतूवर ते व्हॅन्कोमायसिनपेक्षा सरस चालतं.