कोड गिटहबवर खुला आहे, तरी तपासणाऱ्यांना आमचे आकडे मिळत नाहीत. सीड पक्का करून सगळे डॉकरमध्ये घातले तर पुरेल का?

तुम्ही लिहिले आहे की पेपर परिषदेने स्वीकारला आहे आणि कोडही खुला आहे, पण आर्टिफॅक्ट (म्हणजे पेपरसोबतचा कोड आणि डेटा) तपासणाऱ्या समितीला मुख्य कोष्टकातली अचूकता दीड-दोन टक्क्यांनी कमी मिळते. सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते ती संख्या) पक्का करणे आणि डॉकर (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरसह कंटेनर नावाच्या एका डब्यात बांधणारे साधन) वापरणे, या दोन उपायांनी तुमचा अर्धा प्रश्न सुटेल. समितीला तोच आकडा पुन्हा मिळणे ही एक गोष्ट झाली, आणि त्या विशिष्ट आकड्यावाचूनही तुमचा निष्कर्ष टिकणे ही दुसरी. पहिली साधली की दुसरी साधलीच, असे आपल्या मशीन लर्निंगच्या (संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याच्या) क्षेत्रात सर्रास धरले जाते आणि मला ते धोक्याचे वाटते.

सगळे गोठवण्याआधी फरक कुठून येतो ते शोधा, कारण गोठवल्यावर तो दिसेनासा होतो. माझा पहिला संशय फाइलींच्या क्रमावर आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ग्लॉबने (नावाच्या नमुन्याशी जुळणाऱ्या फाइली शोधणाऱ्या सोयीने) फोल्डरमधल्या फाइली वाचल्या तर त्या कोणत्या क्रमाने हाती येतील याची हमी नसते. ते त्या त्या यंत्राच्या फाइल सिस्टिमवर ठरते. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना नेमके हेच आढळले. रेणूंची रचना ओळखण्यासाठी २०१४ पासून अनेकांच्या वापरात असलेल्या पायथन स्क्रिप्टना त्यांनी तोच डेटा वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर दिला, तेव्हा उत्तरे वेगवेगळी आली. फाइली ठरावीक क्रमानेच येतील असे धरून ती स्क्रिप्ट लिहिलेली होती. चूक दाखवणारा कोणताही संदेश येत नव्हता, त्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. तुमच्या कोडमध्ये आधी फाइलींची यादी बनते आणि मग सीड ४२ देऊन तिची प्रशिक्षण व चाचणी अशी विभागणी होते, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. सीड दोन्हीकडे ४२ असला तरी पत्ते पिसण्याआधी गड्डीच वेगळी लावलेली असेल, तर समितीचा चाचणी संच तुमच्यापेक्षा निराळा निघणार. यादी वाचल्याबरोबर ती नावाप्रमाणे लावून घ्या, आणि त्याहून चांगले म्हणजे विभागणीतल्या फाइलींची नावे एका फाइलीत लिहून तीच रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात) ठेवा.

दुसरे कारण जीपीयूवरच्या (अनेक हिशेब एकदम करणाऱ्या प्रोसेसरवरच्या) बेरजेचे आहे. दशांशांची बेरीज संगणकात क्रमावर अवलंबून असते: ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून त्यात ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येते, पण ०.२ आणि ०.३ यांची बेरीज आधी करून त्यात ०.१ मिळवले तर ०.६ येते. जीपीयूवर हजारो धागे (थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी कामे) एकाच वेळी बेरजा करतात आणि काही क्रियांमध्ये त्यांचा क्रम दर वेळी बदलतो, म्हणून सीड तोच असूनही शेवटचे अंक हलतात आणि प्रशिक्षणाच्या असंख्य पायऱ्यांमधून तो फरक वाढत जातो. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीमध्ये (तयार कोडच्या संचामध्ये) हे टाळण्याची सोय आहे, पण तिने काम मंदावू शकते, आणि आवृत्ती किंवा यंत्र बदलल्यावर तेच आकडे येतील अशी हमी पायटॉर्चचे कर्तेही देत नाहीत. लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणे तर ओघाने आलेच. डॉकरफाइलमध्ये (कंटेनर कसा बनवायचा ते सांगणाऱ्या फाइलीत) आवृत्ती न देता ‘लेटेस्ट’ लिहिले असेल, तर वर्षभराने त्याच फाइलीतून वेगळाच कंटेनर तयार होतो.

आता उरलेला अर्धा भाग, आणि माझ्या मते हाच महत्त्वाचा. पीटर हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये रीइन्फोर्समेंट लर्निंगमधल्या (बक्षीस मिळवत चुकत-माकत शिकण्याच्या पद्धतीतल्या) एकाच अल्गोरिदमच्या, त्याच सेटिंगच्या दहा धावा घेतल्या, म्हणजे प्रशिक्षण दहा वेळा स्वतंत्रपणे चालवले. फक्त सीड बदलले. पाच-पाच धावांच्या दोन गटांच्या सरासऱ्या काढल्या, तर दोन आलेख जणू दोन वेगळ्या अल्गोरिदमचे असावेत इतके लांब पडले. अशा ठिकाणी एक सीड पक्का करून मिळालेला आकडा हजारदा तंतोतंत परत आला, तरी पद्धत चांगली आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून तुमची पद्धत आणि तुलनेतली जुनी पद्धत, दोन्ही अनेक सीडवर चालवा, दोन्हींच्या हायपरपॅरामीटरवर (प्रशिक्षणाआधी आपण ठरवतो त्या सेटिंगवर) सारखीच मेहनत घ्या, आणि सर्व धावांची सरासरी व पसारा (धावागणिक होणारा चढउतार) कोष्टकात द्या. हे केल्यावर जुन्या पद्धतीवरची आघाडी त्या पसाऱ्यात बुडून गेली, तर पेपरमधला दावा सौम्य करावा लागेल. ते जड जाईल हे मला कळते, पण अंतिम प्रत छापण्याआधी ते करता येते आणि छापल्यावर फार अवघड होते.

पेपरमध्ये वेगाचाही दावा असेल तर आणखी काळजी घ्या. २००९ मध्ये मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलचा (ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला देते त्या सेटिंगचा) एकूण आकार किंवा ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले कोडचे तुकडे) लिंक करण्याचा, म्हणजे जोडण्याचा, क्रम अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनीही मोजलेला वेग बदलतो, इतका की कंपायलरच्या (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) वेग वाढवण्याच्या एखाद्या पातळीने फायदा झाला की तोटा हेही उलटे होऊ शकते.

समितीला पाठवताना प्रत्येक कोष्टकासाठी एक स्क्रिप्ट द्या, जी कच्च्या डेटापासून छापलेल्या आकड्यापर्यंत मध्ये कुठेही हात न लावता पोचेल. एक्सेलमध्ये हाताने केलेली एखादी पायरी राहून गेली असेल तर ती इथेच उघडी पडते. पूर्ण प्रशिक्षणाला कित्येक दिवस लागत असतील तर तयार मॉडेलही द्या आणि लहान डेटावर चालणारी छोटी धावही द्या. आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांप्रमाणे तपासणाऱ्यालाही जीपीयूसाठी रांगेत थांबावे लागत असेल. गिटहबवरची रिपॉझिटरी केव्हाही बदलता वा काढून टाकता येते, म्हणून पेपरशी जुळणारी आवृत्ती झेनोडो या संशोधन-संग्रहावर ठेवून तिचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) पेपरमध्ये छापा.

पाठवण्याआधी हे सगळे शेजारच्या प्रयोगशाळेतल्या, तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी कोऱ्या यंत्रावर चालवायला सांगा आणि स्वतः मध्ये बोलू नका. तो जिथे अडेल ती जागा रीडमीमध्ये (कोडसोबतच्या सूचनांच्या फाइलीत) दुरुस्त करा. समितीच्या उत्तरात दीड-दोन टक्क्यांचा फरक कशामुळे पडला ते कारणासह लिहा. मुदत कमी असेल तर आज फाइलींचा क्रम तपासा आणि वेगवेगळ्या सीडच्या धावा रात्रीच सुरू करून ठेवा.