नागपूर ते मुंबई विमानाला किती वेळ? आमच्या गावापासून मोजाल तर नऊ तास

भाऊ, तुम्ही विचारलंय की नागपूर-मुंबई अंतर किती, विमानाला किती वेळ लागतो, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यातून आईला कॅन्सरच्या तपासणीसाठी परळला न्यायचं तर विमान बरं की रेल्वे. मी त्याच तालुक्यातला. मायला याच कामासाठी दोन्हींनी नेलं आहे.

सरळ हवाई अंतर साधारण 690 किलोमीटर. रेल्वेने 837, आणि समृद्धी महामार्ग 701, तोही भिवंडीजवळ आमण्यालाच संपतो. विमान हवेत सव्वा तासाच्या आसपास असतं. तिकिटावर दीड ते पावणेदोन तास दिसतात, कारण त्यात धावपट्टीपर्यंतची रांग धरलेली असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, म्हणून उतरायला घिरट्याही घालाव्या लागतात.

पण तुमच्या आईचा प्रवास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सुरू होत नाही, घराच्या ओट्यावरून होतो. आम्ही सकाळी 6 ला गाडी काढली, पावणेदहाला विमानतळावर पोचलो. विमान 11:40 चं. परळला पोचेपर्यंत 3 वाजले. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगायची असते हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे माय पाऊण तास रांगेत उभी राहिली. बियाण्याच्या पिशवीत एक्स-रे अन् रिपोर्ट, ती पिशवी छातीशी धरून. ती किती शिणली ते मला विमानात बसल्यावर कळलं. उतरताना कानाला दडे बसले, तेव्हा खडीसाखर दिली. चघळत, गिळत राहिलं की कान मोकळे होतात.

बेलोऱ्याचा, म्हणजे अमरावतीच्या विमानतळाचा, विचार नक्की करा. 16 एप्रिल 2025 ला तिथून मुंबईचं विमान सुरू झालं, आणि आपल्याला ते यवतमाळ-अमरावती रस्त्यानेच पडतं, तासाभरात. अंतर 540 किलोमीटरच, पण विमान पंख्याचं, हळू चालतं, म्हणून वेळ नागपूरइतकाच. ते सुरू झालं तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस होतं. आधी विमानाचा वार बघा, मग दवाखान्याची तारीख घ्या.

माझं मत विचाराल तर, आई पाय पसरून झोपू शकत असेल तर अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून मुंबईची रात्रीची अंबा एक्स्प्रेस. संध्याकाळी बसायचं, सकाळी दादर, तिथून परळ हाकेच्या अंतरावर. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट. त्यासाठी दवाखान्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्या. आम्हाला तो तिसऱ्या खेपेला कळला.

बसवत नसेल, दुखणं जास्त असेल, तर मात्र विमानच. नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांकडून प्रवासाला हरकत नाही असं लिहून घ्या, नाहीतर काउंटरवर अडवतात. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत टाका. रिपोर्टची फाइल मात्र हातातच ठेवा.