गलाईची भट्टी आणि हार्ड डिस्कचं चुंबक

प्रश्न : आमचं घराणं गलाईतलं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यातलं, भाऊ अजून परराज्यात भट्टी चालवतात. आता जुन्या कॉम्प्युटरचा माल पण येतो आमच्याकडं. बोर्डातलं सोनं कळतं, पण हार्ड डिस्कच्या चुंबकात पण महाग धातू असतो आणि तो मिठाच्या रसात काढतात असं ऐकलं, ते आमच्या भट्टीत जमेल का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : दादा, नाही जमणार, आणि का ते तुम्हा गलाईवाल्यांना लगेच पटेल. सोनं आगीत टिकतं, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टिकतं, बाकीचं निघून जातं, तुमचा सगळा धंदा त्यावर. चुंबकातला तो महाग धातू म्हणजे निओडिमियम, ते बरोबर उलटं वागतं, ते ऑक्सिजनला सोडतच नाही. टाकणखार घालून मुशीत वितळवलंत तर लोखंड खाली बसेल आणि निओडिमियम मळीत जाईल, म्हणजे हवं तेच तुम्ही काढून टाकणार!

बरं अ‍ॅसिडात विरघळवून करंट दिला तर? तिथं आधी पाणीच फुटतं, हायड्रोजन निघतो, धातू काही बसत नाही. म्हणून मग पाण्याऐवजी वितळलेलं मीठ. अ‍ॅल्युमिनियम १८८६ पासून याच तत्त्वावर काढतात. टोकियो विद्यापीठात चुंबकाचा स्क्रॅप मॅग्नेशियम क्लोराइड या मिठाच्या रसात टाकून बघितलाय, निओडिमियमचं क्लोराइड होऊन ते रसात उतरतं आणि लोखंड तसंच घन राहतं, मला यातली ही गोष्ट सगळ्यात भारी वाटते, कारण वेगळं करायचं निम्मं काम तिथंच होतं. पुढं मग करंट देऊन धातू काढायचा.

पण हे सगळं बंद भांड्यात, आर्गॉन गॅसखाली (कशाशीच संयोग न करणारा गॅस) चालतं. ओला तुकडा रसात पडला तर वाफ होऊन रस अंगावर उडतो, आणि करंट दिला की क्लोरीन निघतो. गल्लीतल्या दुकानात हे करूच नका, आणि बोर्डं अ‍ॅसिडात घालणं पण कृपा करून नको, तो धूर घरातल्या पोरांच्या छातीत जातो आणि पाणी ओढ्याला.

तुमच्या हातात एक आहे. या चुंबकांत वजनाच्या साधारण ३० टक्के निओडिमियमसारखे दुर्मिळ धातू असतात, म्हणून हार्ड डिस्क फोडू नका, अख्ख्या बाजूला ठेवा आणि ई-कचरा नियम २०२२ खाली नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्या. देताना विचारा, चुंबक वेगळं काढता का सरळ श्रेडरला (बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राला) घालता, कारण एकदा श्रेडरला गेलं की त्याचा चुरा लोखंडाला चिकटतो आणि ते निओडिमियम गेलं ते गेलंच.