मधेच ‘प्रो’ कन्सोल येतो तेव्हा आधीच्या मालकाचं भलं होतं का?

प्रश्न असा विचारलाय: “माझ्याकडे २०२२ मध्ये घेतलेला पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) आहे. मित्र म्हणतात तो विकून टाक आणि दुबईहून पीएस५ प्रो मागव. कन्सोलची एक पिढी चालू असताना मधेच अशी जास्त ताकदीची मशीन काढणं आपल्यासारख्यांच्या फायद्याचं असतं की तोट्याचं?”

विकू नका. एवढं आधी सांगतो. कारण लांबलचक आहे आणि ते आमच्या घरातलं आहे.

२०१५ च्या दिवाळीत मी आणि दादानं मिळून पीएस४ घेतला. दादा पुण्यात नुकताच नोकरीला लागला होता, मी सांगलीत डिप्लोमा संपवून अप्रेंटिसशिप करत होतो. स्टायपेंडमधून साठवलेले १४,००० माझे, उरलेले त्याचे. कन्सोल सांगलीत राहील आणि दादा महिन्यातून दोनदा येतो तेव्हा दोघं खेळू, असं ठरलं. बाहेरच्या खोलीत ३२ इंची टीव्ही होता. आईची मालिका संपली की तो आमचा.

दोनच डिस्क होत्या, फिफा आणि डॉन ब्रॅडमन क्रिकेट. फुटबॉलचा फिफा आम्हा दोघांचा. क्रिकेट मात्र हळूहळू आप्पांचं झालं. आप्पा साखर कारखान्यात होते आणि कारखान्याच्या संघातून पंधरा वर्षं मॅटिंगवर खेळलेले. एका रात्री ते चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “यात आमचा संघ घालता येईल का रे?”

येत होता. त्या गेममध्ये स्वतःचे खेळाडू आणि स्वतःचा संघ बनवायची सोय होती. चेहरा, उंची, डावा की उजवा, फलंदाजीचा पवित्रा, सगळं आपल्याला हवं तसं. वजनकाट्यावरचा सलामीवीर, बॉयलिंग हाऊसचा ऑफस्पिनर, शेती खात्यातला यष्टिरक्षक, असे अकरा जण घालायला आम्हाला जवळजवळ तीन आठवडे लागले. रोज रात्री एक, फार तर दोन. एकेका माणसाचं नाक आणि खांदे जमेपर्यंत आप्पा उठायचे नाहीत. त्यातले दोघं तोवर वारले होते. आप्पांनी कंट्रोलर कधी हातात घेतला नाही. कुणाला गोलंदाजी द्यायची आणि क्षेत्ररक्षक कुठे लावायचे हे ते सांगायचे, बटणं मी दाबायचो. त्या संघानं आमच्या घरात साठेक सामने तरी खेळले असतील.

७ सप्टेंबर २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये सोनीनं पीएस४ स्लिम आणि पीएस४ प्रो एकाच कार्यक्रमात जाहीर केले. दादानं रात्र जागून तो बघितला आणि सकाळी मला फोन केला. १.८४ टेराफ्लॉप्सचे (ग्राफिक्सच्या ताकदीचं माप) ४.२ झाले, ४के म्हणजे फुल एचडीहून बारीक चित्र येणार, आपला कन्सोल आता जुना झाला. मी म्हटलं, आपला टीव्ही ३२ इंची आहे, त्याला ४के दाखवून काय करायचं? तो म्हणाला, “तू असाच जुनं धरून बसणार आणि मागे राहणार.”

२०१७ च्या मार्चमध्ये मी आठ दिवस ट्रेनिंगला नाशिकला गेलो होतो. परत आलो तर टीव्हीखालचा कप्पा रिकामा. दादा मधल्या शनिवारी येऊन कन्सोल पुण्याला घेऊन गेला होता, एका दुकानात १५,००० ला देऊन टाकला होता आणि वर पैसे घालून प्रो घेतला होता. माझ्या आधी त्यानं आईला सांगितलं. मला म्हणाला, “तुझाही आहे तो, फ्लॅटवर ये आणि खेळ.” दुकानदारानं मशीनमधलं साठवलेलं सगळं पुसून ते पुढच्या गिऱ्हाइकासाठी तयारसुद्धा केलं होतं.

आमच्याकडे प्लसचं, म्हणजे सोनीच्या पैसे भरून घ्यायच्या सेवेचं, सदस्यत्व नव्हतं, त्यामुळे ढगात (सोनीच्या सर्व्हरवर) काही साठवलेलं नव्हतं. सेटिंग्जमध्ये जाऊन सेव्ह डेटा, म्हणजे गेममध्ये आपण साठवलेलं सगळं, पेनड्राइव्हवर उतरवणं हे दहा मिनिटांचं काम होतं. शिवाय जुन्या पीएस४ वरचं सगळं लॅन केबलनं नव्यावर नेता येतं, ती सोयच प्रोच्या वेळी आली. दादाला हे माहीत होतं. आप्पांचा संघ त्यात आहे हे मात्र त्याच्या लक्षात राहिलं नाही. बनवलेले खेळाडू ऑनलाइन चढवता येत होते आणि ते मी कधी केलं नाही, ही माझी चूक. पण कन्सोल विकायला मी निघालो नव्हतो.

आता त्या प्रोमधून आम्हाला काय मिळालं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. फिफा साध्या पीएस४ वरही फुल एचडीत आणि सेकंदाला ६० फ्रेम्सनी (चित्रांनी) चालायचा, म्हणजे प्रोवर खेळ तोच. दादाच्या फ्लॅटवरचा टीव्ही पहिलं वर्षभर फुल एचडीच होता. प्रोचा ग्राफिक्सचा भाग दुपटीहून मोठा झाला, पण प्रोसेसर त्याच जग्वार जातीचा राहिला, फक्त १.६ गिगाहर्ट्झचा २.१ केला. जो गेम प्रोसेसरपाशी अडून ३० फ्रेम्सवर चालत होता तो प्रोवरही बहुतेक ३० वरच राहिला, चित्र तेवढं जास्त स्वच्छ. काही गेम्समध्ये फरक खरंच जाणवायचा, हे मान्य आहे. २०१८ च्या गॉड ऑफ वॉरमध्ये प्रोवर रिझोल्यूशन (चित्राचा बारीकपणा) कमी ठेवून जास्त फ्रेम्स घ्यायची निवड होती, साध्या मशीनवर ती नव्हती. दादाच्या सोफ्यावर बसून मी तो फरक पाहिला आणि तो चांगला होता. पण आमच्या दोन डिस्कना त्याचा काही उपयोग नव्हता.

माझ्या नावावर तेव्हा काहीच उरलं नव्हतं. दीड वर्ष सांगलीच्या घरात कन्सोल नव्हता. २०१८ च्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या एका मुलानं प्रो घेतला म्हणून त्याचा जुना पीएस४ विकायला काढला. दोन कंट्रोलर आणि तीन डिस्क धरून १२,५०० ला मला मिळाला. माझी ठाम समजूत तिथे झाली. मधल्या अपग्रेडचा खरा फायदा ज्याच्याकडे आधीपासून कन्सोल आहे त्याला होत नाही, ज्याच्याकडे कन्सोलच नाही त्याला होतो. नवं हवं असणारे जुनं सोडतात आणि ते आमच्यासारख्यांना परवडतं. विकणारा त्यात नेहमी मार खातो. दादानं खाल्ला, कोल्हापूरच्या त्या मुलानंही खाल्ला.

आणि मी मागे राहिलो का? सोनीनं तेव्हा नियम केला होता की प्रोसाठीचा प्रत्येक गेम साध्या पीएस४ वरही चालला पाहिजे, फक्त प्रोवर चालणारा गेम काढायचा नाही. त्या सेकंडहँड मशीनवर मी २०२२ मध्ये होरायझन फॉरबिडन वेस्ट खेळलो, ग्रॅन टुरिझ्मो ७ खेळलो आणि नोव्हेंबरात गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकसुद्धा. तिन्ही तेव्हाचे नवेकोरे गेम, मशीन मात्र २०१३ च्या आराखड्याचं. दादानं प्रोवर जी गोष्ट पाहिली तीच मी पाहिली.

अपग्रेड बरं की वाईट हे त्या एका नियमावर ठरतं, टेराफ्लॉप्सवर नाही. निन्टेन्डोनं २०१४ मध्ये आपल्या ३डीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलचा जास्त ताकदीचा ‘न्यू ३डीएस’ काढला आणि झेनोब्लेड क्रॉनिकल्स या गेमची ३डी आवृत्ती फक्त त्याच्यासाठी दिली. ज्यांच्याकडे साधा ३डीएस होता त्यांच्या मशीनवर ते कार्ट्रिज चालतच नव्हतं. हे मालकाच्या विरोधात आहे, यात दुमत असायचं कारण नाही. त्याआधी १९९४ मध्ये सेगानं आपल्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवर बसवायचा ३२एक्स हा जोड काढला, काही महिन्यांत स्वतःचाच नवा कन्सोल सॅटर्न बाजारात आणला आणि ३२एक्स घेणाऱ्यांच्या हाती चाळीसच्या आसपास गेम्स राहिले.

नियम कागदावर असला म्हणजे सगळं झालं असंही नाही. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये पीएस४ साठीही निघाला, साध्या मशीनवर इतका वाईट चालला की सोनीनं आठवडाभरात तो आपल्या स्टोअरवरून काढला. २०२१ च्या जूनमध्ये परत घेतला तेव्हा पीएस४ प्रोवर किंवा पीएस५ वर खेळा असं सांगूनच घेतला. जास्त ताकदीचं मशीन हाताशी असलं की गेम बनवणारे साध्या मशीनकडे कमी लक्ष देतात, ही भीती दादा मला नेहमी घालायचा आणि त्या एका गेमपुरता तो बरोबर निघाला. मी हे त्याच्यासमोर कबूल केलंय. पण त्याचा उपाय ‘मग सगळ्यांनी प्रो घ्या’ हा असू शकत नाही. डब्यावर पीएस४ लिहून विकलेला गेम पीएस४ वर चालला पाहिजे, ती जबाबदारी बनवणाऱ्याची. गिऱ्हाइकानं आणखी पैसे घालून ती भरून काढायची नसते.

तुमच्या पीएस५ कडे येतो. प्रो २०२४ च्या नोव्हेंबरात निघाला. ग्राफिक्सची गणितं करणारी ३६ कॉम्प्युट युनिट्स ६० झाली, चित्र रेखाटण्याचा वेग सुमारे ४५ टक्क्यांनी वाढला असं सोनीचं म्हणणं, आणि कमी रिझोल्यूशनचं चित्र मशीन लर्निंगनं मोठं करणारं पीएसएसआर नावाचं तंत्र आलं. प्रोसेसर जवळपास तोच. तुम्ही आज परफॉर्मन्स मोडमध्ये (चित्राच्या बारीकपणापेक्षा जास्त फ्रेम्स देणारी निवड) ६० फ्रेम्सनी खेळता आणि चित्र जरा पुसट दिसतं, तर प्रोवर तेच ६० राहून चित्र स्वच्छ दिसेल. पीएस५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी प्रो सादर करताना सांगितलं की सुमारे तीन चतुर्थांश खेळणारे परफॉर्मन्स मोडच निवडतात, त्यामुळे ही सुधारणा चुकीच्या जागी केलेली नाही. ५५ इंच किंवा त्याहून मोठा चांगला ४के टीव्ही असेल आणि तुम्ही जवळ बसत असाल तर ती दिसेल.

पण किंमत बघा. २०१६ मध्ये स्लिम २९९ डॉलरला आला आणि प्रो ३९९ ला, म्हणजे २०१३ मध्ये साध्या पीएस४ ची जी किंमत होती तीच. नवीन माणसाला साधं मशीन स्वस्त झालं आणि भारी मशीन जुन्या भावात मिळालं. या वेळी प्रो २०२४ मध्ये ७०० डॉलरला आला आणि त्यात डिस्क ड्राइव्हसुद्धा नाही, ती वेगळी घ्यायची. साध्या पीएस५ ची किंमत तर आपल्याकडे उतरायच्या ऐवजी चढली. २०२१ च्या फेब्रुवारीत डिस्कवाला ४९,९९० ला आला आणि २०२२ च्या अखेरीला ५४,९९० झाला. पीएस२ च्या काळात दर दोन-तीन वर्षांनी किंमत खाली यायची, २९९ डॉलरचं मशीन शेवटी ९९ वर आलं. किंमत उतरवायच्या वयात वरून महागडं मशीन आणणं मला पटत नाही. २०१६ चं अपग्रेड लोकांच्या भल्याचं होतं असं मी म्हणेन, २०२४ चं म्हणणार नाही.

दुबईचं म्हणाल तर, २०२४ मध्ये सोनीनं प्रो भारतात आणला नाही कारण त्यातलं नवं वायफाय ६ गिगाहर्ट्झची लहर वापरतं आणि तिला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती. बाहेरून आणलेल्या मशीनला इथे वॉरंटी मिळेल या भरवशावर राहू नका. आणि तुमच्याकडे डिस्क असतील तर ड्राइव्हचे पैसे आधी धरा. तुमचे मित्र ते धरत नसणार.

एक राहिलं. तुमच्याकडे आत्ता कन्सोलच नसता, टीव्ही चांगला असता आणि पैशांची ओढाताण नसती, तर मी सरळ प्रो घ्या म्हटलं असतं. माझा विरोध चालू असलेलं मशीन विकण्याला आहे. आणि घरात ते एकट्याचं नसेल तर ज्याचं ज्याचं त्यात काही आहे त्या सगळ्यांना विचारल्याशिवाय त्याची वायरसुद्धा काढू नका. हे मी दादाला आठ वर्षं सांगतोय. तो म्हणतो, “एका गेमच्या सेव्हवरून इतकं?” ती सेव्ह नव्हती. आप्पांनी सांगितलेली अकरा माणसं होती.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. एक मित्र त्याच्यासाठी दुबईहून प्रो आणतोय, म्हणून दादाला स्वतःचा पीएस५ विकायला काढायचा आहे. या वेळी दुकानात जायच्या आधी त्यानं मला विचारलं. मी म्हटलं सांगलीला पाठव, पैसे मी देतो, पण पुसू नकोस. तुझ्या पोरीचं त्यात काय काय आहे ते आधी उतरवून घे. पाठवतो म्हणाला.

ब्रॅडमनची डिस्क तेव्हा माझ्या कपाटात होती, म्हणून वाचली. पीएस४ च्या जवळजवळ सगळ्या डिस्क पीएस५ वर चालतात. आप्पांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नावं लिहायला घेतली आहेत. नऊ झाली, दहाव्यापाशी अडलेत. तो डावखुरा होता एवढं त्यांना आठवतंय.