पाण्यातला वेग आणि स्नायूंचा थकवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची आहे. ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल पोहते. आठवड्याचे सहा दिवस, पहाटे रोज ५ किलोमीटर. दोन महिन्यांपूर्वी ५० मीटरला ३०.० सेकंद लागायचे, आता ३०.६ लागतात. हात जड झाल्याचं सांगते. अंतर आणखी वाढवावं का?
– एक पालक, ठाणे

उत्तर : अंतर वाढवू नका. ५० मीटरची शर्यत मुख्यतः स्नायूंतल्या क्रिएटिन फॉस्फेटवर, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या साठ्यावर, आणि साठवलेल्या साखरेवर, म्हणजे ग्लायकोजेनवर, पोहली जाते. पूर्ण जोर लावला की क्रिएटिन फॉस्फेटचा साठा आठ-दहा सेकंदांत बराचसा संपतो. निम्मा परत यायला सुमारे अर्धा मिनिट लागतो, जवळजवळ पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं. रिकामा झालेला ग्लायकोजेन तर पोटभर खाऊनसुद्धा भरायला साधारण दिवसभर घेतो. रोज ५ किलोमीटर पोहणारी मुलगी दुसऱ्या पहाटे अपुऱ्या साठ्यावर पाण्यात उतरण्याची शक्यता असते. मग तिचा प्रत्येक सेट मध्यम वेगाचा होतो, स्नायूंतल्या वेगवान तंतूंना पुरेसं काम मिळत नाही आणि शरीराला मध्यम वेगाचीच सवय लागते.

आठवडा असा मांडून पाहा. सोमवारी निव्वळ वेग : ८ वेळा १५ मीटर पूर्ण जोरात, दर ३ मिनिटांनी एक. बुधवारी शर्यतीचा वेग : १२ वेळा २५ मीटर, दर २ मिनिटांनी एक. ३० सेकंदांच्या ५० मीटरमध्ये डाइव्हमुळे पहिले २५ मीटर सव्वाचौदा-साडेचौदा सेकंदांत जातात आणि उरलेले साडेपंधरा-पावणेसोळात. भिंतीला पाय मारून सुटताना हेच साडेपंधरा-पावणेसोळा लक्ष्य ठेवा. शुक्रवारी १०० मीटरसाठी कठीण सेट : ४ वेळा ५० मीटर डाइव्हसह, मध्ये ६ ते ८ मिनिटं. हा सेट आठवड्यातून एकदाच. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी अडीच-तीन किलोमीटर आरामात, किक (पायांचे फटके) आणि तंत्रावर लक्ष ठेवून. रविवारी पूर्ण सुट्टी.

सेट कधी थांबवायचा, हे यात सगळ्यांत महत्त्वाचं. प्रत्येक २५ मीटरला वेळेबरोबर किती हात मारले तेही मोजा. सलग दोनदा वेळ १६.२ च्या वर गेली, किंवा त्याच अंतराला दोन हात जास्त लागले, तर उरलेले २५ सोडून द्या आणि ३०० मीटर हळू पोहून बाहेर या. बारा ठरले होते म्हणून बारा पूर्ण करायचे, हा आपल्याकडचा हट्ट वेगाच्या मुळावर येतो. कोपर खाली पडलेल्या अवस्थेत पोहलेले शेवटचे चार २५ तिला चुकीचा हात शिकवतात.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ५० मीटर फ्रीस्टाइल २१.२५ सेकंदांत जिंकणाऱ्या कॅमेरॉन मॅकएव्हॉयने सरावातलं अंतर कमालीचं घटवून ताकदीवर आणि निव्वळ वेगावर भर दिला. पण त्यापूर्वी वर्षानुवर्षं त्याने १०० मीटरसाठी भरपूर पोहून पाया घातला होता. पंधराव्या वर्षी हा पाया लागतोच, म्हणून आरामाचे किलोमीटर काढून टाकू नका, ते खरोखर आरामात पोहायला लावा.

आणखी दोन गोष्टी तपासा. एक, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन). पाळी सुरू झालेल्या, भरपूर सराव करणाऱ्या मुलींत लोह कमी पडणं नेहमीचं आहे, आणि ते कमी असेल तर कुठलंही वेळापत्रक उपयोगी पडत नाही. पाळी चुकू लागली असेल, तर खाणं सरावाला पुरत नसण्याची शक्यता मोठी. डॉक्टरांना लगेच दाखवा. दोन, झोप. पहाटे साडेचारला उठायचं तर रात्री साडेआठला दिवा बंद व्हायला हवा. क्लासमुळे ते जमत नसेल, तर सहातल्या दोन पहाटा सोडा.

प्रश्न : जिल्हा स्पर्धेत हीट (प्राथमिक फेरी) आणि फायनल यांच्या मध्ये ४० मिनिटंच मिळतात. हात भरून आलेले असतात. त्या वेळात काय करावं? आणि दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं लॅक्टिक ॲसिडमुळेच ना?
– एक जलतरणपटू, नाशिक

उत्तर : दुखणं लॅक्टिक ॲसिडमुळे नाही. शर्यतीनंतर वाढलेलं लॅक्टेट (ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते) तासाभरात जवळजवळ पूर्ववत होतं. एक ते तीन दिवस टिकणारं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचं असतं. सवय नसलेलं वजन उचलल्यावर ते सहसा येतं.

हीट संपताच बसू नका. १० ते १५ मिनिटं अगदी सावकाश पोहा, शेवटी दोन-तीनदा १५ मीटर थोडा वेग घ्या. वेगळा तलाव नसेल, तर तेवढाच वेळ चालत राहा आणि हात मोकळे फिरवा. मग अंग पुसून कोरडे, उबदार कपडे घाला, कारण गार पडलेला स्नायू सुरुवातीलाच दगा देतो. एक केळं किंवा राजगिऱ्याचा एक लाडू, वर घोट-घोट पाणी, बस्स. वडापाव आणि शेंगदाण्याची चिक्की फायनलनंतर. मधे दोन तास असतील तर दहीभात उत्तम.

प्रश्न : पॅडल्स (तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) वापरल्यावर खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. पोहत राहू का?
– कोल्हापूर

उत्तर : पॅडल्स आजच बाजूला ठेवा. हात पाण्यात शिरताना अंगठा आधी जात असेल किंवा हात डोक्याची मधली रेषा ओलांडत असेल, तर खांद्यातल्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) चिमटतात, आणि पॅडलने तो भार वाढतो. दोन आठवडे किकचं प्रमाण वाढवा. कोपर अंगाला चिकटवून रबर बँड बाहेर ओढण्याचा व्यायाम १५ वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड करा. पोहताना दुखणं वाढत गेलं किंवा रात्री कुशीवर झोपता आलं नाही, तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुखणं दाबणारी गोळी घेऊन सेट पूर्ण करू नका.

प्रश्न : राज्य स्पर्धेला तीन आठवडे आहेत. सराव किती कमी करू? कमी केला की अंग उलट जड वाटतं.
– पुणे

उत्तर : पाण्यात उतरण्याचे दिवस तेवढेच ठेवा, अंतर घटवा : पहिल्या आठवड्यात नेहमीच्या ८० टक्के, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ४० ते ४५. वेगाला मात्र हात लावू नका. २५ मीटर शर्यतीच्याच वेगाने, फक्त बाराऐवजी सहा, मग चार. जिममधली जड वजनं शेवटच्या आठ-दहा दिवसांत बंद. सुरुवातीचे चार-पाच दिवस अंग जड लागणं स्वाभाविक आहे. त्या धास्तीने जास्तीचा एक कठीण सेट मारला जातो आणि मिळालेली विश्रांती वाया जाते.

उरलेला वेळ डाइव्ह आणि शेवटच्या स्पर्शावर घालवा. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, फायनलमध्ये २२.४७ घेतले आणि कांस्यपदक ०.०१ सेकंदाने हुकलं. रोज सहा डाइव्ह १५ मीटरपर्यंत, प्रत्येकीनंतर श्वास पूर्ण शांत होईपर्यंत थांबून. आणि सहा वेळा शेवटचे १० मीटर श्वास न घेता, हात पूर्ण ताणून भिंतीला स्पर्श. यापेक्षा लांब श्वास रोखून पोहू नका, आणि हे १० मीटरही काठावर कुणी नसताना मुळीच नाही. पाण्यात शुद्ध हरपते तेव्हा आधी काहीच कळत नाही.