स्पीकरला कोणता ॲम्प लावू? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, हॉल १२ बाय १५ फुटांचा. दुकानदार ३०० वॉटचाच पॉवर ॲम्प (स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर) घ्या म्हणतो. एवढा लागतो का?

उत्तर : नाही. हिशेब करून बघा. ८६ डेसिबल हा एका वॉटला, एक मीटरवर मिळणारा आवाज. तुम्ही तीनेक मीटरवर बसणार. खोलीत तेवढ्या अंतराने साधारण सहा डेसिबल जातात, दोन स्पीकर मिळून तीन परत येतात. म्हणजे खुर्चीपाशी एका वॉटला ८३. निवांत ऐकताना सरासरी आवाज ७८ च्या आसपास असतो, त्याला अर्धा वॉटही लागत नाही. पण पखवाजाची थाप सरासरीच्या वर २० डेसिबल सहज उसळते. ती ९८ वर गेली की ३२ वॉट हवेत, कारण दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट होतात. हाताशी शिल्लक ठेवून १०० वॉटचा उत्तम ॲम्प घ्या. ३०० वॉटने फार तर पाच डेसिबल वाढतील.

प्रश्न : बी अँड डब्ल्यू कंपनीचे ८०२ डी४ स्पीकर घेतले. ८ ओहमचे आहेत. ३० वॉटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचा आवाज मला फार आवडतो. जोडी जमेल?

उत्तर : कंपनीच्या माहितीपत्रकात ८ ओहमच्या शेजारीच ‘किमान ३ ओहम’ असंही छापलेलं असतं. खरी मेख तिथे आहे. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा ओहममधला विरोध, प्रत्येक स्वराला वेगळा असतो. जिथे तो ३ वर उतरतो तिथे ॲम्पकडून भरपूर करंट ओढला जातो.

दुसरी अडचण व्हॉल्व्ह ॲम्पच्या स्वतःच्या आउटपुट इम्पिडन्सची. तो २ ओहम असेल, तर स्पीकर २० ओहमवर असताना एक डेसिबलही जात नाही, पण ३ ओहमवर साडेचार जातात. म्हणजे ॲम्पच स्पीकरचा तोल साडेतीन डेसिबलने बदलतो. हा बदल कुणाला गोड वाटतो, पण एवढ्या काटेकोर स्पीकरवर मला तो पटत नाही. ८ ओहमला १०० वॉट आणि ४ ओहमला २०० च्या जवळ जाणारा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) ॲम्प बघा. ४ ओहमचा आकडा छापलेलाच नसेल, तर मी तो ॲम्प घेणार नाही. व्हॉल्व्हची हौस पॉवर ॲम्पच्या आधी जोडायच्या प्रीॲम्पमध्ये भागवा.

प्रश्न : डॅम्पिंग फॅक्टर २०० बरा की १०००?

उत्तर : फरक पडत नाही. डॅम्पिंग फॅक्टर म्हणजे स्पीकरचा इम्पिडन्स भागिले ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स. ८ ओहमला २०० म्हणजे ०.०४ ओहम, १००० म्हणजे ०.००८. अडीच चौरस मिलिमीटरची पाच मीटर केबलच जाऊन-येऊन ०.०७ ओहम घेते. ॲम्प स्पीकरजवळ ठेवा, केबल आखूड करा.

प्रश्न : १९५७ सालचं मॉडेल असलेले क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभारित पातळ पडद्याच्या पॅनेलचे) स्पीकर मिळाले आहेत. घरचा २०० वॉटचा ॲम्प चालेल?

उत्तर : कृपा करून लावू नका. त्या काळी क्वाडचाच क्वाड टू हा १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प त्यांना लावत. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की पॅनेलमध्ये ठिणगी पडते आणि पॅनेल जळतं. वरच्या पट्टीत त्यांचा इम्पिडन्स २ ओहमच्या आसपास येतो, त्यामुळे कमी वॉटचा पण अशा लोडवर न डगमगणारा ॲम्प हवा. आधी जाणकाराकडून पॅनेल आणि हाय-व्होल्टेज पुरवठा तपासून घ्या, मगच ॲम्प शोधायला निघा.