आमचा गावचा कबड्डी संघ जिंकत आलेला उपांत्य सामना हरला. पुढच्या हंगामाआधी नेमकं काय सुधारावं?

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे. ६० किलो वजनी गट, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. मध्यंतराला तुम्ही १८–११ ने पुढे, सामना संपला तेव्हा २७–३१ ने मागे. मध्यंतराला मैदानात तुमचे तीनच गडी उरलेले. दुसऱ्या डावात दोन लोण बसले, म्हणजे दोनदा अख्खा संघ बाद झाला. मुख्य रेडर (चढाई करणारा) तीनदा पकडला गेला, तिन्ही वेळा तिसऱ्या रेडवर, म्हणजे लागोपाठ दोन रिकाम्या रेडनंतरच्या ‘गुण नाही तर बाद’ रेडवर. दोन पोरांनी वजन बसावं म्हणून आदल्या दिवसापासून पाणी सोडलेलं. आणि तुम्ही विचारता की पुढच्या वर्षी पैसे देऊन बाहेरगावचा तगडा रेडर आणावा का.

नका आणू. हा सामना रेडरपायी गेलेला नाही.

आधी ती आघाडी नीट बघा. फलकावर सात गुण जास्त होते, पण मैदानात तीन गडी होते. मध्यंतरानंतर बाजू बदलते, गडी तितकेच राहतात. तिघे बाद होण्याचे तीन आणि लोणाचे दोन, असे पाच गुण समोरच्यांच्या पदरात पडल्यातच जमा होते. म्हणजे खरा हिशेब १८–१६ चा होता. कबड्डीत गुण जितके मोजायचे तितकेच गडी मोजायचे, आणि हे काम बाकावरच्या एका माणसाकडे कायमचं द्यायचं. त्याने दर रेडनंतर दोनच आकडे ओरडायचे: आपले किती, त्यांचे किती.

तीन गडी असताना दोन रस्ते असतात. पहिला, सुपर टॅकलसाठी थांबणं. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली की एकाऐवजी दोन गुण मिळतात, शिवाय समोर सहापेक्षा कमी गडी असल्याने त्यांच्या रेडरला बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टाकण्याचा गुण) नसतो. दुसरा रस्ता म्हणजे लोण लवकर घेऊन टाकणं, म्हणजे सातही गडी एकदम आत येतात. तुमचा मुख्य रेडर बाहेर होता आणि पुढे अख्खी वीस मिनिटं होती, तेव्हा दुसरा रस्ता बरा होता. तिघांनी पाच-सहा मिनिटं रडतखडत काढली, तेवढा वेळ तुमचा सगळ्यात चांगला गडी बाकावर बसून राहिला. शेवटची चार मिनिटं उरली असती तर मात्र मी उलट सांगितलं असतं: तीस-तीस सेकंदांच्या रेड पूर्ण वापरा आणि वेळ खा.

गडी परत येण्याचा क्रम पोरांना पाठ पाहिजे. जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. मुख्य रेडर चौथा बाद झाला असेल तर त्याच्या आधीचे तिघे आल्याशिवाय तो येत नाही. बोनसच्या गुणावर कोणीच आत येत नाही, स्पर्शाच्या किंवा पकडीच्या गुणावरच येतो. तुमच्या दुसऱ्या डावातल्या नऊ गुणांत चार बोनस होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे लोणानंतर आलेले सोडले तर परत आलेले गडी फार तर पाच. एकाच रेडरवर उभ्या असलेल्या संघाची कोंडी इथेच होते. तो बाहेर गेला की त्याला आत आणणाराच कोणी नसतो.

म्हणून सगळ्यात आधी दुसरा रेडर घरातून काढा. तो मुख्य रेडरची नक्कल नको. तुम्हाला बोनस घेणारा पाहिजे. पहिल्या दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी रेड जीवावर येते, हे तुम्ही भोगलंच आहे. समोर सहा किंवा सात गडी असताना पहिल्या किंवा दुसऱ्या रेडमध्ये एक बोनस निघाला की ती मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि मुख्य रेडरवरचा बोजा उतरतो. बोनसला अंगात फार ताकद लागत नाही, पाय लागतो. पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकताना मागचा पाय हवेत पाहिजे. नव्या पोरांचा मागचा पाय घासत राहतो आणि पंच गुण देत नाही. सराव साधा आहे. रेषेवर फक्कीऐवजी जुन्या साडीची पट्टी ठेवायची आणि ती न हलवता रोज ४० वेळा पाय टाकून परत यायचं. २० उजव्या पायाने, २० डाव्या पायाने. दोन महिन्यांत फरक दिसतो.

तिसऱ्या रेडवर तुमचा रेडर का सापडतो तेही व्हिडिओत बघा. बहुतेक वेळा असं होतं: पहिली वीस सेकंदं तो मधल्या रेषेजवळ डुलत राहतो, मग बाकावरून ओरड झाली की एकदम आत घुसतो. समोरचे कॉर्नर, म्हणजे दोन्ही टोकांचे बचावपटू, त्याचीच वाट बघत असतात. पहिल्या दहा सेकंदांत निदान रेषा (मधल्या रेषेनंतरची पहिली रेषा) ओलांडून एक खरा हल्ला झाला पाहिजे, म्हणजे बचाव हलतो आणि फट पडते. सरावात मोबाईलवर ३० सेकंदांचा टायमर लावा, समोर पाच गडी उभे करा आणि प्रत्येक रेड तिसरीच आहे असं धरा. गुण नाही तर बाद. एका रेडरने आठ रेड, मध्ये दोन मिनिटं दम, पुन्हा आठ.

आता बचाव. माझ्या मते तुमचं मुख्य दुखणं हेच आहे. दोन लोण बसतात ते समोरचा रेडर फार भारी होता म्हणून क्वचितच. फसलेल्या पकडीच बसवतात. पकड करायला जितके जण झोंबले आणि रेडर मधल्या रेषेला हात लावून सुटला, तितके सगळे बाद. एका घाईच्या साखळीत तीन गडी जातात.

घोट्याची पकड जवळून बघू. डाव्या कॉर्नरने गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून, रेडरच्या पुढच्या पायापासून एक हात आणि अर्धं पाऊल एवढ्या अंतरावर राहायचं. रेडरचा पाय टेकतो आणि त्यावर वजन येतं तोच क्षण. पाय हवेत असताना हात घातला तर तो मागच्या पायावर उडी मारून निघून जातो. दोन्ही हात घोट्याच्या मागे अडकवायचे, पाय छातीशी ओढायचा आणि आपल्या शेवटच्या रेषेकडे खेचायचा. डोकं रेडरच्या गुडघ्यासमोर कधीच ठेवायचं नाही, बाजूला काढायचं. गुडघा कपाळावर किंवा मानेवर बसून झालेली दुखापत आयुष्यभर पुरते, म्हणून हे पहिल्या दिवसापासून शिकवा. आणि मार लागून चक्कर आली तर त्या दिवशी पोराला परत उतरवू नका, फायनल असली तरी.

कॉर्नरचा हात पडला की त्याच बाजूच्या कव्हरने, म्हणजे मध्याकडच्या बचावपटूने, रेडरच्या आणि मधल्या रेषेच्या मध्ये अंग घालायचं. गावच्या संघात इथेच गडबड होते. कव्हर एकतर कॉर्नरच्या आधी उडी घेतो, नाहीतर कॉर्नर पडल्यावर बघत राहतो. म्हणून एकच नियम ठेवा: पहिला हात कॉर्नरचा, दुसरं अंग कव्हरचं, तिसऱ्याने आधाराला यायचं. बाकीच्यांनी हात लावायचा नाही. सरावात फक्त एका बाजूची जोडी, म्हणजे कॉर्नर आणि कव्हर, आणि एक रेडर. दहा रेड, मग दुसरी जोडी. महिनाभर सात जणांचा पूर्ण खेळ आठवड्यातून एकदाच खेळवा. पोरं कुरकुर करतील, रोज मॅच मागतील. पण जोड्या जुळल्याशिवाय मॅच खेळून चुकाच पक्क्या होतात. आणि जोडी एकदा ठरली की डावा कॉर्नर उजवीकडे, उजवा डावीकडे असं करू नका.

कुठे सुटतं ते कळायला कागद ठेवा. शाळेच्या वहीत पाच रकाने: कोणती रेड, रेडर कोण, समोर गडी किती, काय झालं, कोणत्या जागी आणि कशाने. एका संघाच्या साधारण ४० रेड होतात, म्हणजे दोन पानं. सामन्याचा मोबाईल व्हिडिओ शेवटच्या रेषेच्या मागून, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच बांबूला बांधून घ्या. बाजूने घेतलेल्या व्हिडिओत पकड सुरू होताना कोण कुठे होता ते कळत नाही. आणि टाइमआउट वापरा. प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन मिळतात. पहिला लोण बसल्यावर तुम्ही एकही घेतला नाही, ती मोठी चूक झाली.

पाणी सोडून वजन उतरवणं बंद करा. अंगातलं पाणी कमी झालं की ताकद, दम आणि डोकं तिन्ही दुसऱ्या डावात उतरतात, पायात गोळे येतात. तुमचा ९–२० चा दुसरा डाव काही अंशी यामुळेच आहे. ६० च्या गटात खेळायचं असेल तर पोरगा दसऱ्यापर्यंत ६१ च्या आत पाहिजे, आणि तेही जेवणातला तेल-साखरेचा भाग कमी करून. ६४ किलोचं पोरगं असेल तर त्याला वरच्या गटात खेळवा. खायला महाग काही लागत नाही. १०० ग्रॅम हरभऱ्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, दोन अंड्यांत बारा, अर्धा लिटर दुधात सोळा. त्यावर ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण आहेच. सोयाबीन घरचं असलं तरी कच्चं किंवा नुसतं भिजवलेलं देऊ नका, पूर्ण शिजवूनच द्या.

वेळापत्रक शेतीच्या कामांशी भांडून टिकणार नाही. स्पर्धा संपल्या की तीन आठवडे पूर्ण विश्रांती, दुखरे खांदे-गुडघे बरे होऊ द्या. मार्च ते मे हे अंग कमावायचे महिने. सकाळी साडेपाच ते सात, त्यानंतर नाही, आपल्याकडचं ऊन जीव घेतं. बैठका, एका पायावरच्या बैठका, जोडीदाराला खांद्यावर घेऊन चालणं, दोर चढणं. वावरात राबणाऱ्या पोरांच्या अंगात ताकद असते, पण झटकन दिशा बदलायची सवय नसते. म्हणून ३० सेकंद झिगझॅग पळणं, ३० सेकंद थांबणं, असं दहा वेळा, आणि पळताना तोंडाने ‘कबड्डी’चा घोष सुरू. जूनमध्ये पेरणी लागली की आठवड्यातून दोनच दिवस बोलवा. पावसाळ्यात समाजमंदिरात व्हिडिओ आणि जागेवरची पकड. सोयाबीनची सोंगणी आटोपली की रोजचा सराव आणि शेजारच्या गावांशी सामने. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी पोरांची कंबर धरलेली असते, तेव्हा सराव पाऊण तासच ठेवा.

मैदान मे महिन्यात करा. काळ्या मातीवर खेळू नका. ती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगेत पाय मुरगळतो. पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर, सगळीकडून एक मीटर मोकळी जागा धरून १५ × १२. वरची काळी माती वीतभर काढा, तळाला चार बोटं मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवा, वर दहा सेंटिमीटर चाळलेली लाल माती, त्यात लाकडाचा भुसा आणि कुजलेलं शेणखत. वरच्या थराला साधारण साडेसहा ब्रास माती लागते. आखणी बरोबर झाली का ते बघायला कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरा, दोन्ही कर्ण १६.४० मीटर भरले पाहिजेत. मधल्या रेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटर, तिथून बोनस रेषा आणखी एक मीटर. गावोगावी बोनस रेषा अंदाजाने मारतात आणि पोरांचा पाय खोट्या अंतराला बसतो. स्पर्धेत मग तोच पाय चार बोटं कमी पडतो.

शिकवायला माणूस लागेल. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली होती, आणि तिथे शिकलेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आजही आपल्याकडच्या शाळांत आहेत. जवळच्या हायस्कूलच्या सरांना आठवड्यातून एक दिवस बोलवा. बाहेरच्या रेडरला जे पैसे देणार होता त्यातले थोडे त्यांच्या येण्याजाण्याला आणि गुडघ्याच्या पट्ट्यांना घाला. भाड्याचा रेडर सामन्याच्या दिवशी येतो, तुमच्या कव्हरला त्याची सवय नसते, आणि आधार कार्ड तपासणाऱ्या स्पर्धेत तो बसूनच राहतो.

एक गोष्ट जिल्ह्याला जायच्या आधीची. तिथे मॅटवर खेळ असतो. मातीवर पाय थोडा सरकतो, त्यामुळे गुडघा वाचतो. मॅटवर रबरी तळाचा बूट जागीच रुततो आणि अंग वळतं, पाय वळत नाही. तिथेच गुडघा जातो. निदान चार सराव तरी कुठल्या तरी शाळेच्या किंवा कॉलेजच्या मॅटवर करा, नवे बूट आधी दोन आठवडे पायात घालून मोडा, आणि मॅटवर घोट्याची पकड करताना ढोपर-कोपराला पट्टी बांधा, नाहीतर पहिल्याच सूरात कातडी सोलते आणि पुढच्या पकडीला कॉर्नर अंग चोरतो.